चौतीस नंबरच्या जर्सीतला माणूस

व्हर्जिल निकॅम्पला प्रश्न विचारून पेचात पकडेल, असा माणूस न्यू एम्डेनमध्ये अजून जन्माला यायचाय, असं तो स्वतःच सांगायचा. आणि खोटं नव्हतं ते. एकोणसाठ साली बेसबॉलमध्ये सलग बारा डाव एकाही फलंदाजाला पहिल्या तळापर्यंत पोचू न देता तेराव्या डावात हरलेला तो बिचारा गोलंदाज कोण? हार्वी हॅडिक्स, आपल्याच ओहायोतल्या मेडवेचा. चेंडू हातात घेऊन पळायच्या आपल्या फुटबॉलमध्ये, पन्नास सालच्या हिमवादळात मिशिगनने चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल अख्ख्या सामन्यात एकदाही मारली नाही, तरी ओहायो स्टेटला हरवलं, ते किती विरुद्ध किती? नऊ विरुद्ध तीन. हे तो गॅसची नळी टाकीला जोडता जोडता सांगायचा. त्याचा पिवळा ट्रक कुठल्याही शेतावर शिरला की म्हातारेकोतारे कोठाराबाहेर येऊन उभे राहायचे. कडाक्याच्या थंडीत गॅस हवाच असायचा, पण खरं म्हणजे व्हर्जिल हवा असायचा.

बुटका, रुंद, गालांवर बाराही महिने लाली, आणि आवाज असा की अग्निशमन दलाच्या सभागृहात माईकची गरज पडू नये. तरी तो माईक घ्यायचाच. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात दर शुक्रवारी त्या सभागृहात तळलेल्या माशांची पंगत बसते. ड्वेन ब्रून्स हा दलाचा प्रमुख, अगडबंब गडी. तो मागच्या दाराशी कढई सांभाळतो. बायका कोबीची कोशिंबीर आणि सफरचंदाचा गोड पाय वाढतात, पुरुष बिअरचे ग्लास घेऊन बाकांवर दाटीवाटीने बसतात, आणि जेवणं उरकत आली की व्हर्जिलची प्रश्नमंजुषा सुरू होते. विषय एकच, जुने खेळ. टेबलाटेबलांत चुरस असते. हरलेल्या टेबलाने भांडी घासायची.

पण गाव खोळंबून राहायचं ते उपासाच्या शेवटच्या शुक्रवारी येणाऱ्या शेवटच्या प्रश्नासाठी. तो दर वर्षी तोच.

"अठ्ठावन्न साल, नोव्हेंबर. आपलं सेंट वालबुर्ग कॉलेज विरुद्ध हॅडली कॉलेज. शेवटचं मिनिट. रेषा एका यार्डावर. चेंडू रेषेपलीकडे टेकवला की विजेतेपद आपलं. आणि ज्या महाभागाने तिथे चेंडू सांडला, त्याचं नाव काय?"

"निकॅम्प!" अख्खं सभागृह ओरडायचं. पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागायची. व्हर्जिल छातीवर हात ठेवून कमरेत वाकायचा, टाळ्या थांबेपर्यंत तसाच राहायचा, आणि वर म्हणायचा, "लक्षात ठेवलंत, आभारी आहे."

दुसरा कोणी असता तर गाव सोडून गेला असता. व्हर्जिलने त्या सांडलेल्या चेंडूवर आयुष्य उभं केलं. कॉलेज संपवून तो गॅस कंपनीत लागला तेव्हा पहिल्याच शेतकऱ्याने दार उघडून विचारलं होतं, "तो निकॅम्प का तू? चेंडूवाला?" व्हर्जिलने क्षणाचाही विचार केला नाही. "तोच मी," म्हणाला. शेतकऱ्याने आधी चार शिव्या हासडल्या, मग कॉफी दिली, मग जन्माचा गिऱ्हाईक झाला. विजयी चेंडू टेकवणाऱ्याला लोक वर्षभर लक्षात ठेवतात आणि मग विसरतात, हे व्हर्जिलला त्या कॉफीच्या कपातच कळलं. सांडणाऱ्याला मात्र कोणी विसरत नाही.

आता त्या चेंडूची खरी गोष्ट. ती गावात कोणालाच ठाऊक नाही, असं व्हर्जिल समजून होता.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. मैदानाचा नुसता राडा झाला होता. दुपारनंतर कोण आपला आणि कोण हॅडलीचा हे जवळ जाऊन विचारावं लागत होतं. शेवटच्या पाच मिनिटांत व्हर्जिलच्या बरगडीत कोणाचा तरी गुडघा बसला, श्वास अडकला, आणि त्याला ओढत बाहेर आणलं. त्याच सुमाराला त्याचा जिवलग मित्र क्लेटस वेंडेल्न याची जर्सी गळ्यापासून कमरेपर्यंत टरकली. कॉलेज गरीब, जादा जर्सी एकच होती, ती आधीच कोणी तरी फाडलेली. सामानसुमान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ब्रदर गेबहार्डने मग व्हर्जिलच्या अंगातली जर्सी सोलून काढली आणि क्लेटसच्या डोक्यातून घातली. नंबर चौतीस. पंचाला आणि कर्ण्यावर बोलणाऱ्याला सांगायचं राहून गेलं. व्हर्जिल उघडा, ब्लँकेट पांघरून बाकावर बसला. तिथून त्याने पाहिलं, क्लेटस चेंडू छातीशी धरून घुसला, आणि चेंडू ओल्या साबणासारखा निसटला. हॅडलीच्या पोराने त्यावर उडी टाकली. कर्णा ओरडला, "चौतीस नंबर, निकॅम्प!" दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रानेही तेच छापलं.

रविवारी चर्चमधून बाहेर पडताना क्लेटसने त्याला गाठलं होतं. उंच, हाडकुळा, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. "मी वर्तमानपत्रात जाऊन सांगतो," म्हणाला.

"वेडा आहेस का?" व्हर्जिल म्हणाला. "आठवड्यात विसरतील लोक."

लोक विसरले नाहीत. पुढे क्लेटस गावच्या शाळेत मास्तर झाला, पोरांच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला, राज्याचं अजिंक्यपद दोनदा आणलं. मैदानाला त्याचं नाव मिळालं. मधल्या काळात त्याने आणखी दोनदा विषय काढला, आणि दोन्ही वेळा व्हर्जिलने त्याच्या पाठीवर थाप मारून तो उडवून लावला. "तू पोरं घडवतोस बाबा. तुझं नाव स्वच्छ राहू दे. माझं काय, मी गॅस विकतो." असं बोलून घरी जाताना त्याला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं. मित्रासाठी आपण केवढं ओझं वाहतोय, आणि तेही हसत हसत! क्लेटस गेला तेव्हा शवपेटीला खांदा देताना व्हर्जिलने मनात म्हटलं होतं, काळजी करू नकोस, मी तोंड उघडणार नाही. त्या विचाराने त्याला रडू फुटलं, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यातही थोडा अभिमान होताच.

ही सगळी घडी विस्कटली ती मार्लीनमुळे. मार्लीन ही व्हर्जिलची एकुलती एक मुलगी, सेंट वालबुर्गच्याच ग्रंथालयात कामाला. तळघर रिकामं करताना तिला जुन्या सामन्यांच्या फिल्मचे पत्र्याचे डबे सापडले. तिने त्यांची व्हिडिओ कॅसेट करून घेतली आणि बुधवारी दुपारी ती बापाच्या घरी येऊन थडकली.

"बाबा, बसा. आणि मी सांगेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही."

पडद्यावर करडा पाऊस पडत होता. चिखलाची माणसं चिखलाच्या माणसांवर आदळत होती. ढिगारा झाला, पंच धावला, ढिगारा सुटला, आणि चौतीस नंबर उठून उभा राहिला. त्याने शिरस्त्राण काढलं. आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा तो वीतभर उंच होता. मग कॅमेरा बाकाकडे वळला. ब्लँकेटमधून एक गोल चेहरा बाहेर आला होता.

"किती बारीक होतो बघ मी," व्हर्जिल म्हणाला.

मार्लीनने टीव्ही बंद केला. "तुम्हाला माहीत होतं!"

"म्हणजे काय? मी तिथंच होतो की."

"हसू नका! बाबा, मी चौथीत होते. माझ्या हातून दुधाचा ग्लास पडला. एक ग्लास! अख्खा वर्ग उभा राहून ओरडला, निकॅम्प! मी व्हॉलीबॉल खेळणं सोडलं ते कशामुळे सोडलं? परीक्षेला जाताना पोरं म्हणायची, निकॅम्प, पेन घट्ट धर गं. आणि माझ्या लग्नात, केक कापताना, तुम्ही माईकवर काय म्हणालात? 'सांभाळ, घराण्याचा हात आहे!' तीनशे माणसं हसली. मीही हसले. घरी जाऊन रडले."

व्हर्जिलला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, पोरगी हसते म्हणजे तिला मजा येते. तो गोरामोरा झाला, पण गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. "अगं, क्लेटसचा विचार कर. मैदानाला नाव आहे त्याचं. त्याची बायको इमेल्डा अजून दर सामन्याला पहिल्या रांगेत बसते. तिला काय वाटेल?"

"आणि मला काय वाटतं ते?" मार्लीन उठली. "शुक्रवारी मी कॅसेट घेऊन येणार आहे. तुम्ही तो प्रश्न विचारलात, तर मी तिथे लावणार. नाही विचारलात तर नाही लावणार. पण यापुढे निकॅम्प हे उत्तर नको. बस झालं."

व्हर्जिलने ठरवलं, प्रश्नच गाळायचा. पण आधी इमेल्डाला धीर द्यायला हवा, म्हणजे उद्या कोणाकडून उडत उडत काही कानावर आलं तर तिला धक्का बसायला नको. गुरुवारी सकाळी त्याने पिवळा ट्रक वेंडेल्नच्या अंगणात उभा केला. इमेल्डा स्वयंपाकघरात शुक्रवारच्या पायसाठी सफरचंदं सोलत होती. ताठ कण्याची, पांढऱ्या केसांची बाई. गावात तिच्यासमोर कोणी उगाच बडबडत नसे, व्हर्जिल सोडून.

"टाकी भरलेली आहे माझी," ती म्हणाली. "मागच्याच आठवड्यात भरलीस."

"टाकीचं नाही. बस जरा, इमेल्डा. एक नाजूक गोष्ट आहे." त्याने आवाज शक्य तितका खाली आणला, म्हणजे फक्त अंगणापर्यंत गेला. "ती हॅडलीची मॅच. त्या दिवशी खरं म्हणजे…"

"क्लेटसने चेंडू सांडला."

व्हर्जिलने खुर्ची ओढली आणि स्वतःच बसला.

"मागणी घालायच्या आधी सांगितलं त्याने मला," इमेल्डा सालं काढत म्हणाली. "म्हणाला, लग्न करायचं तर हे आधी ऐक. मला वाटलं बाहेर एखादं पोरबीर आहे की काय. चेंडूचं ऐकून मी हसले. तो नाही हसला."

"मग तर प्रश्नच मिटला!" व्हर्जिलचा जीव भांड्यात पडला. "घाबरू नकोस. मी उद्या प्रश्न गाळतोय. मार्लीनकडे फिल्म आहे, पण ती नाही लावणार. क्लेटसचं नाव जसं आहे तसं राहील. इतकी वर्षं मी सांभाळलं, पुढेही सांभाळीन."

इमेल्डाने सुरी खाली ठेवली.

"सांभाळलंस? तो तुझ्याकडे तीनदा आला, व्हर्जिल. तिसऱ्यांदा तुझ्याकडून तसाच परत आला. इथे, याच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, व्हर्जिल मला देत नाही ती."

"काय देत नाही?"

"त्याची चूक! त्याची स्वतःची चूक. रोज पोरांना शिकवायचा, चुकलात तर हात वर करा, मी चुकलो म्हणा. आणि स्वतःचा हात वर करायला गेला की तू आडवा. गावभर मिरवलीस ती. वाकून वाकून टाळ्या घेतल्यास. तुला वाटतं तू उपकार केलास? तू चोरलीस ती त्याची."

"पण तो एकटा जाऊन सांगू शकला असता की. मी काय त्याचं तोंड बांधलं होतं?"

"तुला खोटं पाडून? तू त्याचा मित्र होतास. तू म्हणत होतास तोच मी, तोच मी. त्याने काय करायचं होतं, गावासमोर तुझं हसं करायचं?" तिने दुसरं सफरचंद उचललं. "ती कॉर्नेलवाल्यांची गोष्ट दर वर्षी सांगतोस ना? चाळीस साली पंचाने चुकून एक प्रयत्न जादा दिला, ते जिंकले, मग फिल्म पाहून त्यांनी आपणहून विजय डार्टमथला परत केला. वर भाषण देतोस, याला म्हणतात मर्दानगी! परत करायचं कसं असतं हे सगळ्या गावाला शिकवलंस. जा आता. मला पंधरा पाय करायचेत."

व्हर्जिल ट्रकमध्ये येऊन बसला. किल्ली फिरवायचं त्याला सुचेना. बायको गेली त्या दिवसानंतर प्रथमच त्याला कोणाशी काही बोलावंसं वाटत नव्हतं. आपण ओझं वाहतोय असं समजत राहिलो, आणि ते ओझं नव्हतंच, ती चैन होती. पण मग याहून वाईट विचार आला, आणि तो त्याने स्वतःपासून लपवला नाही. चेंडू आपण सांडला नाही, तर आपण कोण? त्या दुपारी बाकावर ब्लँकेट पांघरून बसलेला एक बुटका मुलगा. असल्या मुलाचं नाव कोणी कशाला विचारेल? त्याला भीती वाटली. इमेल्डाची नाही, मार्लीनची नाही. कोणीही न राहण्याची.

शुक्रवारी सभागृह नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं. व्हर्जिलने मासा नावापुरता खाल्ला. मार्लीन दाराजवळच्या टेबलावर होती, पिशवी मांडीवर. इमेल्डा पायच्या टेबलामागे उभी राहून वाढत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

माईक हातात आल्यावर मात्र गडी सावरला. बासष्ट साली बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूने एकट्याने शंभर गुण केले, तो सामना कुठल्या गावात झाला? चॉकलेटवाल्या हर्शीत, हे मुलांनीच ओरडून सांगितलं. एकोणतीस सालच्या रोझ बोलच्या फुटबॉल सामन्यात चेंडू घेऊन उलट्या दिशेने पळत सुटलेला तो कोण? रॉय रीगल्स. मेकॅनिकांचं टेबल पुढे गेलं, शिक्षकांचं मागे पडलं, आणि एका म्हाताऱ्याने हॅडिक्सच्या डावांवरून असा वाद घातला की त्याच्या नातीने त्याला कोट धरून खाली बसवलं. हशा पिकला. व्हर्जिलचा गळा नेहमीसारखा खणखणीत होता. प्रश्न गाळायचा असता तर ही जागा उत्तम होती. "झालं, घरी जा" म्हणायचं की संपलं.

लोक आधीच पुढे सरकून बसले होते. काहींनी तोंडाभोवती हात धरले होते.

"अठ्ठावन्न साल," व्हर्जिल म्हणाला. मार्लीनने मान वर केली. "नोव्हेंबर. आपण विरुद्ध हॅडली. शेवटचं मिनिट, रेषा एका यार्डावर. चेंडू कोणी सांडला?"

"निकॅम्प!" छत हललं.

तो वाकला नाही. टाळ्या थोडा वेळ वाजल्या, मग कडेकडेने विरल्या.

"चूक," व्हर्जिल म्हणाला.

कोणीतरी खिदळलं. "अरे, म्हातारा विसरला स्वतःलाच!"

"मी काहीही विसरत नाही, नॉर्बर्ट, तुझ्याकडे माझी शिडी आहे तेही नाही. उत्तर चूक आहे. कोणाला येतंय?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. तळणाची कढई तेवढी मागे चरचरत होती. मग पायच्या टेबलामागून एक हात वर गेला. वर्गात मुलं करतात तसा, सरळ.

"बोल, इमेल्डा."

"क्लेटस वेंडेल्न," ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही.

"बरोबर," व्हर्जिल म्हणाला. "माझी जर्सी त्याच्या अंगात होती. मी उघडा बाकावर बसलो होतो. त्याने मला तीनदा सांगितलं, लोकांना खरं सांगू या. मी सांगू दिलं नाही. त्याच्यासाठी नाही. मला टाळ्या आवडल्या." त्याने माईक दुसऱ्या हातात घेतला. "पुरावा पाहिजे त्याने मार्लीनकडे मागावा. ती माझी मुलगी आहे, आणि तिच्या घराण्यात कोणीही काहीही सांडलेलं नाही."

मार्लीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाकी सभागृह व्हर्जिलकडे पाहतच नव्हतं. माना इमेल्डाकडे वळल्या होत्या. व्हर्जिलला ते जाणवलं, आणि दुखलं, अगदी त्या बरगडीसारखं दुखलं. मैदानाला नाव असलेल्या माणसाबद्दल आता गाव काय म्हणेल, याची तो वाट पाहत राहिला.

मागच्या दारातून ड्वेन ब्रून्स पुढे आला, हातात मासे उचलायचा झारा तसाच. वेंडेल्नच्या पहिल्या अजिंक्य संघात तो खेळला होता. तो इमेल्डासमोर जाऊन उभा राहिला.

"सरांनी सांगितलं होतं आम्हाला," तो हळू बोलला. "दर वर्षी शेवटच्या सामन्याआधी सांगायचे. म्हणायचे, पोरांनो, हॅडलीविरुद्ध चेंडू मी सांडला होता, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. आम्हाला वाटायचं, धीर द्यायला काहीतरी रचून सांगतात. आम्ही हसायचो. 'सर, तो तर निकॅम्प!' म्हणायचो. दर वर्षी. मग ते गप्प बसायचे."

इमेल्डाने त्याच्या दंडावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. आसपासच्या दोनतीन टेबलांवरची मध्यमवयीन माणसं माना खाली घालून बसली होती, तीही कधी ना कधी त्या संघात होती.

व्हर्जिल सगळी टेबलं ओलांडून ड्वेनपर्यंत गेला आणि माईक त्याच्या हातात दिला.

"यावर सांग," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

आणि तो इमेल्डाच्या शेजारच्या बाकावर, लोकांमध्ये जाऊन बसला.